पुराच्या पट्ट्यातलं दुकान, वर्कशॉप आणि गल्ली: पाणी उतरल्यावर लवकर परत उभं कसं राहायचं

सांगली, कोल्हापूर, चिपळूण, महाड अशा ठिकाणी ज्यांचं दुकान किंवा छोटं वर्कशॉप खालच्या भागात आहे त्यांच्यासाठी हे लिहितोय. वरच्या भागातल्यांनी पण वाचा, कारण पूर आला की आमचा माल तुमच्याच गोडाऊनला येणार आहे. माझं काम मोटर रिवाइंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटरीत नवीन तार भरायचं, सांगलीत गावभागाजवळ. त्यामुळं पुरानंतर कुणाची गिरणी किती दिवसांनी फिरली, कुणाचं लेथ कधी चालू झालं, कुणाचं शटर अजून खालीच आहे हे सगळं बाकावर बसल्या बसल्या कळतं, कारण मोटर शेवटी आमच्याकडंच येते.

आधी "यंदा आपण पाणी आतच येऊ द्यायचं नाय" हे डोक्यातून काढून टाका. २००५ ला आलं, २०१९ ला आलं, २०२१ ला परत आलं. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट आणि २०१९ ला पाणी ५७ च्या वर गेलेलं, म्हणजे धोक्याच्या वर अजून एक अख्खा मजला. तिथं तुमचं शटर आणि चार वाळूची पोती काय करणार. तर धरायचा आकडा एकच, पाणी उतरल्यापासून दुकानात पहिला पैसा यायला किती दिवस लागतात. कुणाला आठ लागले, कुणाला दोन महिने, आणि दोघांची दुकानं एकाच ओळीत, पाणी पण सारखंच. हा फरक पैशाचा असेल असं वाटतं पण तेवढा तो नसतो. मोठा शोरूमवाला मागं राहिला आणि टपरीवाला पुढं गेला असं डोळ्यांनी बघितलंय.

आणि दुसरी गोष्ट, मशीन रिपेर झाली तरी लाईट नसली तर काय उपयोग, लाईट आली तरी हमाल आणि कामगार स्वतःच्या घरातला गाळ काढत असतील तर कोण येणार, आणि ते पण आले तरी गल्ली परत राहायला आलेली नसली तर गिऱ्हाईक कुठलं. म्हणून सुटं सुटं बघू नका. जे सगळ्यात उशिरा उभं राहतं त्याच्यावर तुमचे दिवस ठरतात, आणि ते बहुतेक वेळा मशीन नसतं.

पाण्याचा आकडा आपल्या पायरीवर आणा

सांगलीत पावसाळ्यात सगळे विचारतात "आयर्विनला किती झालं?" आणि कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्याचं विचारतात, तिथं इशारा ३९ फूट, धोका ४३. पण हा आकडा नदीचा आहे, तुमच्या दुकानाचा नाय. आजूबाजूच्या जुन्या माणसांना विचारून एकच ओळ लिहून ठेवा, की आयर्विनला अमुक फूट झालं की आपल्या गल्लीच्या तोंडाला पाणी, तमुक झालं की आपल्या पायरीला. गेल्या दोन-तीन पुरांचं तरी कुणाला ना कुणाला आठवतंच. मग त्याच्या मागं पाच-सहा फूट धरून सामान हलवायचा आकडा ठरवा आणि तो शटरच्या आतल्या बाजूला ऑईलपेंटनं लिहा. तो आकडा आला की चर्चा बंद, टेम्पो बोलवायचा. दरवेळी माणसं अडकतात ती "अजून बघू, कोयनेतनं सोडलेलं कमी केलंय म्हणे" या चर्चेतच.

मग दुकानाच्या आत लेव्हल मारून घ्या. गवंड्याकडं लेव्हल पाईप असतो, पारदर्शक नळी, त्यात पाणी भरायचं, बुडबुडा राहू द्यायचा नाय. एक टोक शेजारच्या भिंतीवर २०१९ चा डाग आहे तिथं धरायचं, दुसरं टोक आपल्या भिंतीला, नळीतलं पाणी स्थिर झालं की तिथं रेघ मारायची. अर्धा तासाचं काम आहे. ही रेघ एकदा आत आली की कुठला बोर्ड कुठं असावा, कुठली फळी किती उंच, पोटमाळ्याचा खरंच उपयोग आहे का नुसतं समाधान आहे, सगळं समोर दिसतं. आमच्याकडं एका किराणावाल्यानं पुरासाठी म्हणून पोटमाळा करून घेतला आणि तो रेघेच्या दीड फूट खाली निघाला. आता तिथं रिकामी खोकी ठेवतो.

चिपळूण-महाडवाल्यांनी हे सगळं वेगळं धरायचं. कृष्णा सावकाश चढते आणि त्याहून सावकाश उतरते, म्हणजे आम्हाला हलवायला वेळ मिळतो पण माल आठ-आठ दिवस पाण्यात राहतो. चिपळूणच्या वाशिष्ठीचं तसं नाय, घाटात पाऊस कोसळला आणि खाडीला भरती असली की पाणी चढायला काही तास पुरतात. २२ जुलै २०२१ ला चिपळूणला लोक उठले तेव्हा पाणी दारात होतं. तिथल्या एसटी आगारात नऊ लाखांच्या आसपासची रोकड वाचवायला अधिकारी बसच्या टपावर तासन्‌तास बसून होते. तेव्हा तिकडं टेम्पोचा प्लॅन कामाचा नाय. तिकडं रोज रात्री दुकान बंद करतानाच जुलै-ऑगस्टपुरता महत्त्वाचा माल वर चढलेला पाहिजे. कटकट आहे, पण तिकडं दुसरा इलाज नाय.

एक सावधगिरी. दाराला फळ्या, प्लॅस्टिक, पोती लावून पाणी बाहेर अडवायचं असलं तर ते दोन-तीन फुटांपर्यंतच ठीक. त्याच्या वर बाहेर पाणी आणि आत कोरडं असं झालं तर भिंतीवर भयंकर दाब येतो, एक घनमीटर पाण्याचं वजनच टनभर असतं, जुनी विटांची भिंत आत ढकलली जाऊ शकते. तेवढं वाढलं की पाण्याला आत येऊ द्या.

काय आधी उचलायचं

सगळे महागाचं आधी उचलतात. मी म्हणतो, जे परत मिळायला जास्त दिवस लागतात ते आधी. टीव्हीचं खोकं चार दिवसांत दुसरं येतं, पण टेलरची कटिंगची पॅटर्न, प्रेसवाल्याच्या डाय, फाउंड्रीवाल्याची लाकडी पॅटर्न, उधारीची वही ही बाजारात मिळत नाय. माझ्याकडं वाइंडिंगच्या डायऱ्या आहेत, कुठल्या कंपनीच्या किती एचपीच्या मोटरला किती स्लॉट, किती टर्न, कुठल्या गेजची तार, पिच किती. ती डायरी गेली तर प्रत्येक जळालेली मोटर मोजून मोजून सोडवावी लागेल. तांब्याची तार परत घेता येते, डायरी नाय घेता येत. त्यामुळं ती पहिली उचलायची आणि तिचे फोटो पण मोबाईलमध्ये, आणि तेच फोटो पुण्यात असलेल्या भाच्याला पाठवलेले.

उधारीच्या वहीचं पण तेच करा. रोज रात्री शेवटच्या पानाचा फोटो काढून घरातल्या ग्रुपवर टाकायचा. कॉम्प्युटरवर बिलिंग असलं तर बॅकअपची हार्डडिस्क त्याच टेबलाच्या ड्रॉवरमध्ये ठेवू नका, कॉम्प्युटर आणि बॅकअप दोन्ही एकाच चिखलात सापडलेले बघितलेत.

जे हलत नाय त्याचं काय? लेथ, पॉवरप्रेस, गिरणीचा सांगाडा जागेवरच राहणार. पण त्याची मोटर चार बोल्टवर बसलेली असते. चार बोल्ट काढा, बेल्ट उतरवा, वायरच्या टोकांना खुणेच्या टेप लावा, म्हणजे परत जोडताना मोटर उलटी फिरायला नको, आणि मोटर वर न्या. स्टार्टर पण काढा. राहिलेल्या उघड्या लोखंडाला, लेथच्या बेडला, स्क्रूला, चकला ग्रीस फासा, अगदी थापून, काटकसर करायची नाय. गाळाखाली आठ दिवस राहिलेला ग्रीस फासलेला बेड रॉकेलनं पुसला की चमकतो, आणि न फासलेल्याला खड्डे पडलेले असतात.

रिकाम्या टाक्या, रिकामे ड्रम, गॅसचे सिलिंडर तरंगतात. टाकी पाण्यानं भरून झाकण बांधून ठेवा, सिलिंडर साखळीनं बांधा. तरंगणारी टाकी आतल्या आत सगळं फोडत फिरते.

मशीन: भिजली तरी मरू नये

पुरानंतर आमच्याकडं येणाऱ्या मोटरींपैकी ज्या वाचत नाहीत त्यातल्या कितीतरी पाण्यानं मेलेल्या नसतात, मालकानं "चालतेय का बघू" म्हणून बटण दाबलेलं असतं. वाइंडिंग ओली, त्यात गाळ, करंट दिला की इन्सुलेशन फुटतं आणि जळते. भिजलेल्या मोटरला कुणीही, कसल्याही परिस्थितीत, सप्लाय द्यायचा नाय. वरून ऊन लागून कोरडी दिसते, आत स्लॉटमध्ये पाणी असतं.

करायचं काय तर खोलायची, रोटर बाहेर काढायचा, गाळ ओला असतानाच साध्या स्वच्छ पाण्यानं धुवायचा. हो, पाण्यानंच. लोकांना हे पटत नाय, पण गाळ एकदा वाळून घट्ट बसला की तो वाइंडिंगमधनं निघत नाय आणि पुढं ओल धरून ठेवतो. जोराचा प्रेशर मारायचा नाय, तारेवरचं वार्निश निघतं. मग वाळवायची, ओव्हन असला तर उत्तम, नसला तर पेटीत ठेवून आत मोठे पिवळे बल्ब लावून, सावकाश. घाईनं तापवली तर आतली वाफ बाहेर यायच्या आधी वार्निश तडकतं. वाळली की मेगर (इन्सुलेशन मोजायचं मीटर) लावायचा, ५०० व्होल्टवर निदान एक मेगओहम पाहिजेच, खरं तर त्याच्या बरंच वर पाहिजे, आणि दुसऱ्या दिवशी परत मोजून तेवढाच आला तर खरी वाळली. बेअरिंग दोन्ही बदलायच्या, तिथं "अजून फिरतेय की" चालत नाय, गाळाचे कण आत गेलेले असतात आणि दिवाळीपर्यंत आवाज करायला लागते.

एमसीबी (जादा करंट आला की आपोआप पडणारं बटण), कॉन्टॅक्टर, ओव्हरलोड रिले पाण्याखाली गेलेले असले तर फेकून द्या. तीनशे-चारशेची एमसीबी धुवून परत लावणाऱ्याला मी हात जोडतो, कारण ज्या दिवशी ती पडायला पाहिजे त्या दिवशी ती पडणार नाय. मीटरला आपण हात लावायचा नाय, ते महावितरणचं काम. इन्व्हर्टरची बॅटरी बुडाली असली तर लांबच राहा, जाणत्याला बोलवा. गिअरबॉक्समधलं ऑईल दुधासारखं झालेलं असतं, ते सगळं काढून एकदा पातळ ऑईल फिरवून ते पण काढायचं, मग नवीन भरायचं.

आता हे झालं नंतरचं. आधीचं म्हणाल तर वायरिंग. मेन बोर्ड आणि सगळी बटणं त्या रेघेच्या वर घ्या, वायर वरून खाली उतरवा, खालून वर नाय. जमिनीजवळचे सॉकेट ठेवायचेच असतील तर त्यांची लाईन वेगळी आणि तिला वेगळी एमसीबी, म्हणजे खालचं बंद ठेवून वरचा दिवा आणि पंखा चालू करता येतो. एवढ्यानं साफसफाईचे दोन-तीन दिवस वाचतात, कारण अंधारात गाळ काढता येत नाय.

कोल्हापूरकरांना २०१९ आठवत असेल. शहराच्या चारी बाजूला पाणी आणि नळाला थेंब नाय. शिंगणापूर, बालिंग्याकडची उपसा केंद्रं पाण्याखाली गेली, पंप बंद, टँकर धरायला रांगा. नदीतनं पाणी उचलणारी मोटर नदीजवळच असणार हे खरं, पण मोटर आणि पॅनेल किती उंचीवर आहे ते आपण ठरवतो. तुमच्या सोसायटीचा पंप बेसमेंटमध्ये आहे का ते आजच जाऊन बघा. पाण्यातला पंप पाण्यासाठीच बनवलेला असतो, त्याचा स्टार्टर तसा बनवलेला नसतो, आणि स्टार्टर वरच्या मजल्यावर न्यायला किती वायर लागते.

नवीन मशीन घेताना एक प्रश्न विचारा, ही आपल्या गावात कोण खोलू शकतं? बेल्टवरची साधी पिठाची गिरणी पूर बघून परत फिरते, जात्याचे दगड धुवायचे, मोटर बदलायची, झालं. त्याच्या शेजारची बटणं आणि डिस्प्ले असलेली मशीन आतल्या इलेक्ट्रॉनिक कार्डसाठी महिनाभर अडकते, कंपनीचा माणूस फोन उचलत नाय. मी नवीन टेक्नॉलॉजीच्या विरोधात नाय, कामाला ती भारीच असते. पण तिचं कार्ड रेघेच्या वर बसवून मिळतं का विचारा, आणि एक जादा कार्ड दोघा-तिघांत मिळून घेऊन ठेवा. इलेक्ट्रॉनिक काटा घेतला म्हणून जुना तराजू भंगारात घालू नका, त्याचा शिक्का चालू ठेवा. लाईट नसलेल्या आठवड्यात तोच धंदा करतो.

बाजार: माल, पैसा आणि ओळख

सांगलीच्या हळदीच्या बाजाराकडं बघा. आमच्या शेजारच्या हरिपूरला पेवं होती, जमिनीत खोल खणलेली, तिथली मातीच अशी की त्यात हळद वर्षानुवर्षं राहायची, कीड नाय, भाडं थोडं. सगळ्या व्यापाऱ्यांची हळद तिथंच. २००५ च्या पुरात पाणी पेवांत घुसलं आणि हळद कुजली, पेवं खचली, आणि पेवांचा जमाना तिथंच संपत आला. पुढं माल गोडाऊन आणि कोल्ड स्टोरेजकडं गेला. पण सौदे काय बंद पडले नाहीत. कारण शेतकऱ्याला माहीत होतं की अडत्या कोण, पैसे कोण वेळेवर देतो, पॉलिश करणारा कोण, पावडर करणारा कोण, हमाल तोच. एका बाजाराचे दोन भाग दिसतात यात, साठा सगळा एका जागी होता म्हणून एका पुरात गेला, आणि ओळखी शंभर ठिकाणी पसरलेल्या होत्या म्हणून बाजार राहिला.

आपल्या दुकानाला हे लावायचं तर सगळा माल एका गोडाऊनला ठेवायचा नाय. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत थोडा माल वरच्या भागात, विश्रामबाग, कुपवाडकडं कुणाच्या तरी मोकळ्या खोलीत. भाडं जातं, आणि पूर न आलेल्या वर्षी ते भाडं फुकट गेल्यासारखं वाटतं, बायको पण बोलून दाखवते. पण जादा बेअरिंग, जादा गोडाऊन, जादा चार पैसे हे चांगल्या वर्षात असंच डोळ्यात खुपतं. काटकसर करत करत सगळं इतकं घट्ट बसवायचं की कुठं जराही सैल नाय, तर मग एक धक्का बसला की सगळं एकदम तुटतं.

सप्लायरचं पण तसंच, पण इथं थोडं उलटं पण आहे. नेटवर रोज स्वस्त कोण ते शोधणाऱ्याला पुरानंतर कुणी उधार देत नाय. मुख्य व्यापारी एकच जुना ठेवा, ज्याला तुमचा बाप माहीत आहे, तो म्हणतो "माल घेऊन जा, दसऱ्याला बघू". आणि त्याच्या जोडीला दुसरा एक ठेवा वेगळ्या रस्त्यावरचा. २०१९ ला शिरोलीजवळ हायवेवर पाणी आलं आणि पुणे-बेंगळुरू रस्ता कितीतरी दिवस बंद, कोल्हापुरात दूध आणि पेट्रोलला रांगा. पुण्याकडचेच दोन सप्लायर असणं म्हणजे एकच असणं. एक पुण्याकडचा, एक सोलापूर किंवा बेळगावकडचा असं पाहिजे.

रोख. मोबाईल टॉवरचं डिझेल संपलं की क्यूआर कोड म्हणजे भिंतीवरचं चित्र. आठ-दहा दिवसांचा घरखर्च आणि दोन कामगारांची मजुरी एवढी रोख घरात पाहिजे, दुकानात नाय.

भिशी. हे मी सगळ्यांना सांगतो. बारा-पंधरा दुकानदारांची भिशी असेल तर सुरुवातीलाच वहीत लिहून घ्या, की पूर आला तर त्या महिन्याची भिशी चिठ्ठ्या न टाकता ज्याचं सगळ्यात जास्त गेलंय त्याला. सहीसकट. आणि भिशीत सगळे एकाच गल्लीतले घेऊ नका, निम्मे तरी वरच्या भागातले पाहिजेत, नाहीतर सगळे एकदम बुडालेले आणि हप्ता भरणार कोण. पतसंस्थेचं कर्ज मिळतं पण कागद करायला दिवस जातात, भिशी संध्याकाळी हातात येते.

विमा थोडक्यात. छोट्या धंद्यासाठी २०२१ पासून भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा ही ठरावीक पॉलिसी सगळ्या जनरल विमा कंपन्यांकडं आहे, पाच कोटींपर्यंतच्या मालमत्तेसाठी, आणि पूर त्यात धरलेला असतो. बँकेनं कर्जाबरोबर काढलेली पॉलिसी एकदा उघडून वाचा, बऱ्याचदा तीत फक्त मशीन असते आणि माल नसतो, किंवा पत्ता जुन्या जागेचा असतो. आणि विम्याची रक्कम कमी दाखवून प्रीमियम वाचवायचा नाय. दहा लाखांचा माल आणि विमा पाच लाखांचा असला तर दोन लाखांच्या नुकसानीला दोन लाख मिळत नाहीत, साधारण एकच मिळतो. लोक इथं कंपनीला शिव्या घालतात पण ते पॉलिसीत लिहिलेलं असतं. वरच्या गोडाऊनचा पत्ता पण पॉलिसीत घाला. सरकारी मदतीवर हिशोब बांधू नका, २०२१ नंतर दुकानदारांना जास्तीत जास्त ५० हजार अशी मदत होती, त्यात गाळ काढायची मजुरी आणि रंग होतो.

गल्ली

इथं सगळ्यात कमी खर्च आहे आणि सगळ्यात कमी लक्ष. गणपतीची वर्गणी मागायला घरोघरी फिरताच, त्याच फेरीत एक वही बरोबर घ्या. प्रत्येक घरात चालू न शकणारं कोण आहे, डायलिसिसला कोण जातं, बाळंतीण आहे का, जनावरं किती, आणि पूर आला तर हे घर कुठं जाणार, पाहुण्यांकडं का शाळेत. दुसऱ्या पानावर कुणाला काय येतं. वायरमन कोण, प्लंबर कोण, नर्स कोण, ट्रॅक्टर कुणाचा, पोहणारी पोरं कोण, गाड्या धुवायचा प्रेशर पंप कुणाकडं. हा शेवटचा माणूस फार महत्त्वाचा, पुरानंतर त्याच्यासारखा देव नाय. वहीची एक प्रत मंडळाच्या अध्यक्षाकडं, एक गावाबाहेरच्या कुणाकडं.

भाडेकरूंना वहीत घ्यायला विसरू नका. मालक पुण्याला, खाली परप्रांतीय कामगार सात-आठ जण एका खोलीत, त्यांना आयर्विनचा आकडा काय माहीत. त्यांना सांगायची जबाबदारी एका घरावर टाका, नावानिशी. "सगळ्यांनी लक्ष ठेवूया" म्हटलं की कुणीच ठेवत नाय.

नदीकाठच्या गावांनी बोटीचं बघून घ्या. २०१९ ला पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला लोकांना बाहेर काढणारी बोट उलटली आणि माणसं गेली. बोटीत किती माणसं घ्यायची तो आकडा बोटीवरच मोठ्या अक्षरात रंगवा, जॅकेट तेवढीच ठेवा, इंजिन मे महिन्यात चालवून बघा. आणि पाणी दारात आल्यावर बोटीत बसायची वेळच येऊ द्यायची नाय, म्हातारी माणसं आणि लहान पोरं आधीच्या दिवशी कोरड्या रस्त्यानं गेली पाहिजेत. "घर सोडून कुठं जाऊ" म्हणणाऱ्या आजोबांना समजवायला त्यांचा मुलगा पाठवू नका, त्यांच्या वयाचा मित्र पाठवा, तो सांगतो आणि ते ऐकतात.

बाहेरून मदत येते तेव्हा लोक मनापासून पाठवतात हे खरं, पण २०१९ ला जुन्या कपड्यांचे अक्षरशः ढीग पडले होते चौकाचौकात आणि फावडं मिळत नव्हतं. त्यामुळं यादी आधीच तयार ठेवा आणि पहिल्या दिवशीच सगळ्या ग्रुपवर सोडा: फावडी, घमेली, वायपर, खराटे, गमबूट, हातमोजे, ब्लीचिंग पावडर, टॉर्च, सॅनिटरी पॅड, पिण्याचं पाणी. कपडे नकोत असं स्पष्ट लिहा, वाईट वाटून घेऊ नका. बचत गटाच्या बायका जेवणाचं बघणार असतील तर त्यांना धान्य आणि सिलिंडर द्या, शिजवलेल्या अन्नाच्या गाड्या तासाभराच्या अंतरानं येतात आणि अर्धं वाया जातं.

पाणी उतरल्यावर पहिले दिवस

शटर उघडायच्या आधी मेन बंद आहे याची खात्री करा, आणि काठीनं वाजवत आत जा, साप कोपऱ्यात असतात. काहीही हलवायच्या आधी व्हिडिओ काढा, दारातून आत, सलग, मालाच्या खोक्यांवरचे नंबर दिसतील असा, कारण तलाठ्याचा पंचनामा आणि विम्याचा सर्व्हेअर येईपर्यंत तुम्ही गाळ तसाच ठेवू शकत नाय. खराब मालाचा नमुना थोडा बाजूला ठेवायचा. विमा कंपनीला त्याच दिवशी मेसेज आणि ईमेल दोन्ही.

गाळ ओला असतानाच काढायचा, हे मोटरीसारखंच आहे. पायाला जखम असेल तर गाळात उतरू नका, लेप्टो (गाळ-पाण्यातनं जखमेवाटे होणारा ताप) होऊ नये म्हणूनची गोळी कुणी घ्यायची ते आरोग्य केंद्रात विचारून घ्या. आणि आपल्याच दुकानाचा गाळ काढून रस्त्यावर ढकलू नका, तो शेजाऱ्याच्या दारात जातो आणि रात्री पावसानं परत तुमच्याकडं येतो. सगळ्या ओळीनं मिळून एका टोकापासून काढत जा, ट्रॅक्टर एकच लावा, पैसे वाटून घ्या. सुटं सुटं केलेल्या ओळीला दुप्पट दिवस लागलेले बघितलेत.

मग धंदा. सगळं लागल्यावर उघडू असं करू नका. दारात टेबल टाकून जे विकता येईल ते विका. हार्डवेअरवाल्यानं वायपर आणि बादल्या, किराणावाल्यानं मेणबत्त्या, बिस्किट, चहा पावडर, मोटरवाल्यानं फक्त खोलून धुवून वाळवायचं काम घ्यायचं, वाइंडिंग नंतर. गिऱ्हाईक एकदा दुसऱ्या दुकानात गेलं की महिनाभर तिकडंच जातं. भाव मात्र वाढवू नका. त्या आठवड्यात पन्नासची बादली शंभरला विकलेला माणूस लोकांच्या लक्षात राहतो, दहा वर्षं राहतो.

मेकॅनिक, मजूर, टेम्पो यांच्याशी बोलणं मे महिन्यातच करून ठेवा, शक्यतो मिरज किंवा कुपवाडच्या माणसाशी, कारण गावातला मेकॅनिक तेव्हा स्वतःचंच दुकान धूत असतो, माझं पण तसंच होतं. थोडा ॲडव्हान्स दिला तर नंबर आधी लागतो. त्याच मे महिन्यात एका रविवारी मोटर उतरवून वर न्यायची रंगीत तालीम करा, दोन माणसं लागतात का चार, पान्हा कुठला लागतो, जिन्यात अडकते का ते तेव्हाच कळेल. बोल्ट गंजलेले असले तर ते पण त्याच दिवशी बदला. आणि पॉलिसीची तारीख बघा, जुलैत संपत असेल तर जूनमध्येच रिन्यू करून घ्या, पाणी चढायला लागल्यावर एजंट फोन उचलत नाय.